बोरघाटातली फेरारी आणि बारदेशचे मीठ

रविवारी सकाळी सहाच्या सुमारास वळवणच्या बाजूला उभे राहिले की द्रुतगती महामार्गाकडून एक आवाज येतो. घाट चढून दमलेल्या ट्रकचा तो घरघराट नव्हे. आधी दूरवर कापड टरकावल्यासारखा, मग एकदम अंगावर आल्यासारखा, आणि मान वळवेपर्यंत कामशेतच्या दिशेने विरून गेलेला. मुंबईहून चार-सहा पिवळ्या, लाल, केशरी गाड्यांचा जथा निघतो, घाट चढतो, कुठेतरी न्याहारी करतो आणि ऊन तापण्याआधी खाली उतरतो. आम्हा लोणावळेकरांना त्याचे फारसे नवल राहिलेले नाही. तरी रस्त्याकडेला उभा असलेला कोणीतरी हटकून विचारतोच, "केवढ्याला असेल हो?"

या प्रश्नाला खरे तर दोन उत्तरे आहेत. एक किंमत गाडीची आणि दुसरी वेशीची. आजचा धागा दुसऱ्या किमतीविषयी आहे. हा विषय माझ्या घरात २००३ साली एका भांडणातून शिरला, म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

आमचे लोणावळ्यात चिक्कीचे छोटे दुकान. अप्पा काही माल मुंबईच्या दुकानदारांनाही पाठवत. मुंबईच्या वेशीवर जकात नाका होता. तिथे टेम्पो थांबायचा, पावत्या दाखवायच्या, शेंगदाणे-गुळाच्या वड्यांवर जकात भरायची आणि मगच पुढे जायचे. रांग मोठी असली की माल संध्याकाळी पोहोचण्याऐवजी मध्यरात्री पोहोचे. या गोष्टीची अप्पांनी कधी तक्रार केल्याचे मला आठवत नाही. जकात म्हणजे पावसासारखी, असे त्यांचे मत असावे.

मी तेव्हा आठवीत होतो आणि माझ्या वहीच्या प्रत्येक कव्हरावर सचिन तेंडुलकर होता. एप्रिल २००२ मध्ये पोर्ट ऑफ स्पेनला त्याने एकोणतिसावे कसोटी शतक ठोकून डॉन ब्रॅडमन यांच्याशी बरोबरी केली. योगायोग असा की, आमच्या दारातला द्रुतगती महामार्ग पूर्णपणे वाहतुकीला खुला झाला तोही २००२ सालीच. त्या शतकाच्या गौरवार्थ फियाट कंपनीने सचिनला फेरारी ३६० मोडेना भेट दिली. जुलै २००२ मध्ये इंग्लंडमधल्या सिल्व्हरस्टोनच्या शर्यतमार्गावर खुद्द मायकेल शूमाकरच्या हातून ती त्याला मिळाली. लाल गाडी, शूमाकर आणि सचिन एका चौकटीत! ते छायाचित्र मी वर्तमानपत्रातून कापून कपाटाच्या दाराला चिकटवले होते.

गाडी भारतात आणायची तर सीमाशुल्क भरायचे होते. तेव्हाच्या बातम्यांनुसार गाडीची किंमत सुमारे ७५ लाख रुपये आणि शुल्क सुमारे १ कोटी १३ लाख. देणगीहून देणे मोठे! सचिनने शुल्कमाफीची विनंती केली आणि तत्कालीन अर्थमंत्री जसवंत सिंह यांच्या काळात केंद्र सरकारने ती मान्य केली. झाले, गदारोळ उठला. ज्याची कमाई कोट्यवधींची त्याला माफी कशासाठी, असा सवाल देशभर झाला आणि दिल्ली उच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल झाली.

आमच्या घरातही खटला उभा राहिला. मी सचिनचा वकील. देशासाठी खेळणाऱ्या माणसाकडून कर मागायला लाज कशी वाटत नाही, हा माझा युक्तिवाद. अप्पा गुळाचा पाक ढवळत होते. त्यांनी मान वर न करता विचारले, "आपल्या चिक्कीला नाक्यावर कुणी माफी दिलीये का?" मी चिडून म्हणालो की, चिक्की आणि फेरारी एक नव्हे. तर म्हणाले, "तेच तर म्हणतोय मी." अप्पा त्या गाडीला 'फरारी' म्हणत. उच्चाराची चूक होती की मुद्दाम, ते मला आजही ठरवता आलेले नाही. दोन दिवस मी त्यांच्याशी बोललो नाही. माझ्या मते ते सचिनचा मत्सर करत होते.

पुढे इतिहास शिकताना हे प्रकरण मी कागदांवरून पुन्हा वाचले आणि माझ्या वकिलीतली भोके दिसू लागली. त्याचबरोबर सचिनवर झालेल्या टीकेतलीही. माफी हवेतून आली नव्हती. सीमाशुल्क कायदा, १९६२ च्या कलम २५(२) नुसार अपवादात्मक परिस्थितीत, कारण नमूद करून, केंद्र सरकार एखाद्या वस्तूला विशेष आदेशाने शुल्कातून सूट देऊ शकते. त्याला पायंडाही होता. १० मार्च १९८५ रोजी मेलबर्नला पाकिस्तानला हरवून भारताने जागतिक अजिंक्यपद मालिका जिंकली आणि रवी शास्त्री मालिकेचा सर्वोत्तम खेळाडू म्हणून ऑडी १०० ही मोटार मिळवून बसला. सगळा संघ त्या गाडीवर चढून मैदानाला फेरी मारतो आहे, हे दृश्य तुमच्यापैकी अनेकांनी पाहिले असेल. ती गाडी भारतात आली तेव्हा तिचे शुल्क माफ झाले होते आणि त्यावर कोणी ओरड केल्याचे ऐकिवात नाही. मग सतरा-अठरा वर्षांत काय बदलले? एक तांत्रिक फरक होता. शास्त्रीची ऑडी स्पर्धेत जिंकलेले बक्षीस होती, सचिनची फेरारी एका कंपनीने दिलेली भेट. बक्षिसाला सवलत देण्याची पद्धत होती, भेटीला नव्हती. पण मला वाटते खरा बदल लोकांत झाला होता. १९८५ साली परदेशी गाडी ही देशात शिरलेली अद्भुत वस्तू होती. २००३ साली ती विकत घेता येण्याजोगी वस्तू झाली होती, आणि जे विकत घेता येते त्याच्या पावतीचा हिशोब लोक मागतात.

शेवटी सरकारची माफी वापरली गेलीच नाही. शुल्क फियाटने भरले.

आता आजचा हिशोब मांडू, म्हणजे वेशीची किंमत डोळ्यांसमोर येईल. समजा एका परदेशी स्पोर्ट्स कारची किंमत, विमा आणि जहाजाचे भाडे धरून, न्हावा-शेव्याच्या बंदरात बरोबर १ कोटी रुपये आहे. चाळीस हजार डॉलरांहून महाग अशा पूर्ण बांधणीच्या गाडीवर भारतात एकंदर ११० टक्के आयात शुल्क लागते. २०२५ च्या अर्थसंकल्पापासून त्याची फोड ७० टक्के मूळ सीमाशुल्क आणि ४० टक्के कृषी पायाभूत सुविधा उपकर अशी झाली आहे. (म्हणजे लॅम्बोर्गिनी घेणारा मनुष्य कागदोपत्री आपल्या शेतमालाच्या गोदामांना हातभार लावतो. पवन मावळातल्या भातशेतकऱ्याला हे सांगून पाहावे.) गाडी झाली २ कोटी १० लाखांची. या रकमेवर, म्हणजे शुल्कासकट, ४० टक्के वस्तू व सेवा कर. सप्टेंबर २०२५ पूर्वी अधिभारासह तो याहून जास्त होता. बेरीज २ कोटी ९४ लाख. मग महाराष्ट्राचा वाहन कर. त्याची कमाल मर्यादा २०२५ मध्ये २० लाखांवरून ३० लाख करण्यात आली. म्हणजे विक्रेत्याचा नफा आणि आपला विमा सोडूनच सव्वातीन कोटींच्या घरात. एक कोटीच्या गाडीमागे सव्वादोन कोटी वेशीचे.

हीच गाडी दुबईत उतरली तर? संयुक्त अरब अमिरातीत सीमाशुल्क ५ टक्के आणि २०१८ पासून मूल्यवर्धित कर ५ टक्के. एक कोटीची गाडी एक कोटी दहा लाखांना. तिथे नोकरीला गेलेल्या आपल्या मुलांच्या छायाचित्रांत अशा गाड्या वारंवार दिसतात, त्याचे निम्मे रहस्य या दोन पाचांत आहे. जर्मनीत पोर्शे घरचीच, त्यामुळे आयात शुल्काचा प्रश्न नाही आणि मूल्यवर्धित कर १९ टक्के. उलट डेन्मार्कमध्ये एकेकाळी नोंदणी कर १८० टक्क्यांपर्यंत जाई, आजही वरच्या टप्प्यावर तो १५० टक्के आहे. गंमत अशी की, डेन्मार्कला जपायला स्वतःचा मोटार उद्योगच नाही. तिथला कर हा सरळ सरळ महसूल आहे. सिंगापूरने तर आणखी पुढे जाऊन गाडी बाळगण्याचा हक्कच लिलावात काढला. १९९० पासून तिथे गाडी घेण्याआधी दहा वर्षांचा परवाना बोली लावून घ्यावा लागतो. शिवाय महागड्या गाडीच्या किमतीतल्या वरच्या हिश्शावर ३२० टक्के नोंदणी शुल्क. त्यांचे कारण जागेचे आहे, एवढ्याशा बेटावर गाड्या मावायच्या कुठे?

म्हणजे कर सारखा दिसला तरी प्रत्येक देशाची वेस वेगळ्या भीतीने उभी केलेली असते. आपली वेस कोणत्या भीतीची?

त्यासाठी घाटात मागे जावे लागेल. आमचा बोरघाट म्हणजे कोकणची बंदरे आणि देश यांच्यामधला दरवाजा. राजमाचीचे श्रीवर्धन आणि मनरंजन हे दोन बालेकिल्ले याच वाटेवर नजर ठेवून आहेत. कार्ल्याच्या चैत्यगृहातल्या खांबांवर धेनुकाकटच्या यवन दात्यांची नावे कोरलेली आहेत, म्हणजे परदेशाशी नाते सांगणारी माणसे दोन हजार वर्षांपूर्वी या मुलखात होती आणि दान देण्याइतकी संपन्न होती. उत्तरेला जुन्नरच्या नाणेघाटात जो भलामोठा दगडी रांजण आहे तो जकातीची नाणी टाकण्यासाठी होता, असे परंपरा सांगते. रांजणाचे काहीही असो, जिथे वाट अरुंद होते तिथे राज्य उभे राहते आणि हात पुढे करते, हे घाटवाटांचे जुने वास्तव आहे.

पण निव्वळ महसुलासाठी हात पुढे करणे वेगळे आणि विचारपूर्वक वेस उंच करणे वेगळे. त्याचे मला माहीत असलेले आपल्याकडचे सर्वांत स्पष्ट उदाहरण १६७१ सालचे आहे. शिवाजी महाराजांनी कुडाळचे सरसुभेदार नरहरी आनंदराव यांना डिसेंबर १६७१ मध्ये मिठाच्या जकातीविषयी पत्र लिहिले. बारदेश पोर्तुगिजांच्या ताब्यात होता. तिथले मीठ स्वस्त पडे, म्हणून व्यापारी तिकडून मीठ घेऊन घाटावर चढू लागले होते. असेच चालले तर संगमेश्वरकडचे मीठ कोण घेणार, आणि तिथल्या मिठागरांचे व जकातीचे काय होणार? म्हणून महाराजांनी बारदेशच्या मिठावर अशी जबर जकात बसवायला सांगितली की, ते संगमेश्वरी मिठापेक्षा महागच पडावे आणि व्यापाऱ्याने आपणहून स्वराज्याच्या मिठाकडे वळावे. आजच्या अर्थशास्त्राच्या पुस्तकांत याला संरक्षक आयात शुल्क म्हणतात. त्या पत्रात एक जाण आहे, ती फार आधुनिक वाटते. व्यापाऱ्याला निष्ठा शिकवता येत नाही, त्याचा हिशोब बदलता येतो.

या पत्रातल्या वेशीमागे मिठागरे होती, हे मात्र विसरू नये. स्वतंत्र भारताने मोटारींसाठी वेस उभारली तेव्हा तिच्यामागे काय होते? शिवडीला जनरल मोटर्सचा जोडणी कारखाना १९२८ पासून होता. १९५३ मध्ये जकात आयोगाच्या शिफारशीनंतर धोरण असे ठरले की, इथे टप्प्याटप्प्याने सुटे भाग बनवण्याची तयारी असेल त्यांनीच राहावे. परदेशातून पेट्या आणून नुसती जोडणी करणाऱ्या जनरल मोटर्स आणि फोर्ड या दोघांनीही गाशा गुंडाळला. वालचंद हिराचंद यांनी स्थापलेली प्रीमियर ऑटोमोबाइल्स कुर्ल्यात टिकली आणि तिने फियाट ११०० आणली. तिच्या गोलमटोल तोंडामुळे मुंबईकरांनी तिला 'डुक्कर फियाट' म्हटले. वेशीमागची मिठागरे ती हीच. त्यातून पद्मिनी आली, हजारो टॅक्सीवाल्यांची घरे चालली. ज्या फियाटला १९५४ च्या सुमारास आपल्या वेशीच्या आत आसरा मिळाला, त्याच फियाटला २००३ मध्ये एका फेरारीसाठी तीच वेस पैसे मोजून ओलांडावी लागली. इतिहास असले विनोद स्वतः करतो, लेखकाला काही करावे लागत नाही.

स्पोर्ट्स कार मात्र या वेशीमागे कधी पिकली नाही. प्रयत्न झाले. गोव्यात १९९० च्या दशकाच्या अखेरीस सॅन मोटर्सने 'सॅन स्टॉर्म' नावाची दोन आसनांची, उघड्या छताची गाडी काढली. इंजिन रेनोचे, सव्वा लिटरच्या आतले. दिसायला गोड, धावायला बेताची. पुढे दिलीप छाब्रिया यांनी २०१२ च्या दिल्ली वाहन प्रदर्शनात 'अवंती' दाखवली, तिचेही इंजिन रेनोचेच. दोन्ही गाड्या थोड्याच लोकांच्या दारात पोहोचल्या. ज्या गाडीला गिऱ्हाइके मूठभर, तिचा कारखाना शुल्काच्या सावलीत वाढत नाही. जे वाढले ते जोडणीचे. चाकणला मर्सिडीज सुटे भाग आणून गाड्या बांधते, कारण सुट्या भागांवरचे शुल्क पूर्ण गाडीच्या मानाने कितीतरी कमी आहे. २०२० मध्ये तिथे एएमजी शाखेची पहिली जोडणी झाली, म्हणजे घोड्याच्या ताकदीच्या निम्म्या वाटेवर आपण आलो. आमच्या मावळातल्या तळेगावात जनरल मोटर्स २००८ मध्ये पुन्हा आली, २०२० च्या अखेरीस उत्पादन थांबवून गेली आणि तो कारखाना आता ह्युंदाईकडे आहे. तिथे कामाला असलेल्या आमच्या वर्गमित्रांपैकी कोणाचेही फेरारीवरच्या शुल्काने भले झाले नाही किंवा वाईटही.

म्हणून माझे मत असे बनले आहे की, स्पोर्ट्स कारवरचे ११० टक्के हे मिठाच्या जकातीचे वंशज नव्हेत. त्यांच्यामागे राखायला मिठागर नाही. ते एक विधान आहे, ही वस्तू चैनीची आहे आणि चैन करणाऱ्याने गावाला काहीतरी देऊन जावे, असे. विधान मला पटते. फक्त ते उद्योगाच्या रक्षणाच्या नावाखाली केले जाते तेव्हा खटकते. आणि वेस कायमची नसते हेही ध्यानात ठेवा. २४ जुलै २०२५ रोजी ब्रिटनशी झालेल्या व्यापार करारात तिथल्या गाड्यांवरचे शुल्क, ठरावीक संख्येच्या मर्यादेत, क्रमाक्रमाने १० टक्क्यांवर आणण्याचे ठरले आहे. मॅक्लारेन आणि ॲस्टन मार्टिन ब्रिटनमध्ये बनतात. घाटातले आवाज बदलतील.

राहता राहिली बारदेशची वाट, म्हणजे जिथे जकात कमी तिकडून जाण्याची युक्ती. ती तर माझ्या घरापर्यंत आली. वाहन कर हा राज्याचा विषय, त्यामुळे प्रत्येक राज्याचा दर निराळा. रविवारच्या त्या जथ्यांत परराज्यांच्या आणि केंद्रशासित प्रदेशांच्या पाट्या दिसतात, त्या सगळ्याच तिथल्या रहिवाशांच्या असतात असे समजण्याचे कारण नाही. २०१७ मध्ये केरळमधल्या काही श्रीमंतांनी पुदुच्चेरीचे पत्ते दाखवून गाड्या नोंदवल्याची प्रकरणे बरीच गाजली. मी २०१५ मध्ये माझी पहिली गाडी घेतली, साधी चारचाकी. तिच्या कराचा आकडा पाहून माझा चेहरा उतरला, तेव्हा एक मध्यस्थ म्हणाला, "दमणचा पत्ता लावून देतो, साहेब. सगळेच करतात." मी दोन दिवस विचार केला. विचार केला म्हणणेही सौम्य आहे, मी कागदपत्रांच्या प्रती काढून ठेवल्या होत्या. दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांहून अधिक काळ गाडी ठेवली तर नोंदणी बदलावी लागते, हे कायद्यात वाचले आणि पकडले जाण्याच्या भीतीने मागे फिरलो. नीतीचा त्यात काही भाग नव्हता. अप्पांना मी यातले काहीच सांगितले नाही. सचिनची वकिली करणारा मुलगा मोठा होऊन पाच-पन्नास हजारांसाठी बारदेशच्या वाटेला लागला होता, हे त्यांना कळले असते तर ते काहीच बोलले नसते, आणि तेच मला नको होते.

मुंबईची जकात १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा करात विरून गेली. आमचा टेम्पो आता वेशीवर थांबत नाही. ऊर्से आणि खालापूरचे टोल नाके आहेत, पण तिथे फेरारीला आणि माझ्या गाडीला २०२३ पासून सारखेच ३२० रुपये पडतात. बोरघाटाच्या लांबलचक इतिहासात इतकी समानता क्वचितच नांदली असेल. सचिनने ती लाल गाडी २०११ मध्ये सुरतच्या एका व्यावसायिकाला विकली. पुढच्याच वर्षी राजेश मापुसकर यांचा 'फरारी की सवारी' आला, ज्याच्या कथेत हीच गाडी आहे.

तो चित्रपट परवा दूरचित्रवाणीवर लागला होता. अप्पा आता दुकानात बसत नाहीत. बराच वेळ शांतपणे पाहत होते. गाडी पडद्यावर आली तेव्हा माझ्याकडे वळून म्हणाले, "त्या वेळचा कर शेवटी भरला का रे कुणी?"

"कंपनीने भरला, अप्पा."

"बरं झालं," म्हणाले आणि आवाज वाढवायला सांगितला.